जुन्या महिंद्रा जीपला फायबरची बॉडी बसवली तर ती 'खरी' जीप राहते का? विकताना किंमत पडते का? आणि हे फायबर बॉडीचं प्रकरण सुरू कुठून झालं?

राहते. चासी, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) आणि दोन्ही ॲक्सल मूळचे असतील तर जीप ही जीपच. पत्रा हा तिचा सगळ्यात कच्चा भाग. तो कुजलाय म्हणूनच तर तुम्ही विचारताय.

मी कोकणात फायबरच्या होड्या बांधण्याच्या कामात आहे, गॅरेजवाला नाही. तरी लिहितोय, कारण गाडीला फायबरची बॉडी घालण्याचा धंदा मुळात होडीवाल्यांनीच रुजवला. डेंटर मंडळींना हे ऐकायला आवडत नाही. आमच्या घरातही एक डेंटर आहे, त्याच्याकडे येतोच.

पत्र्याची बॉडी बनवायची तर प्रेस लागतो, डाय लागतात. त्याला लागणारा पैसा फोर्ड किंवा जनरल मोटर्सकडेच असणार. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं चिकट पॉलिएस्टर रेझिन. त्याचं तसं नाही. हार्डनर टाकला की साध्या हवेत, शेडमध्ये, लाकडी साच्यात रेझिन घट्ट होतं. काचेचे धागे ओवेन्स-कॉर्निंगने १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणले होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हे दोन्ही वापरून लोक छोट्या होड्या काढायला लागले. त्यातलाच एक बिल ट्रिट. १९५० च्या सुमाराला हवाई दलातले मेजर केन ब्रूक्स त्याच्याकडे गेले. त्यांच्याकडे विलीस जीपची (विलीस ही युद्धातली मूळ जीप बनवणारी अमेरिकन कंपनी) उघडी चासी होती आणि बायकोसाठी तिच्यावर स्पोर्ट्स कारसारखी देखणी बॉडी हवी होती. ट्रिटने ती फायबरमध्ये करून दिली. त्यातूनच त्याच्या ग्लासपार कंपनीची जी-२ ही सुटी विकली जाणारी बॉडी निघाली. १९५३ मध्ये शेवरलेने कॉर्व्हेट फायबरमध्ये काढली, पहिल्या वर्षी फक्त ३००. म्हणजे बघा, या धंद्याच्या मुळाशीच जीपची चासी आहे! फक्त ती जीपसारखी दिसू नये म्हणून सगळा खटाटोप होता.

खऱ्या अर्थाने मातीत-वाळूत फायबर नेलं ते ब्रूस मेयर्सने. हाही होडीवाला, जेन्सन मरीनच्या कारखान्यात साचे बनवणारा. १९६४ मध्ये न्यूपोर्ट बीचला त्याने पहिली मेयर्स मँक्स, म्हणजे वाळूवर पळणारी छोटी उघडी गाडी, केली. पहिल्या डझनभर गाड्यांना वेगळी चासीच नव्हती, सगळा भार फायबरच्या खोक्यावर. त्या फार महाग पडायला लागल्या. मग त्याने फोक्सवॅगन बीटलचा तळ सुमारे ३६ सेंटिमीटर कापून आखूड केला आणि त्याच्यावर बसेल अशी बॉडी विकायला काढली. एप्रिल १९६७ मध्ये तो आणि टेड मँगल्स मेक्सिकोत ला पाझहून तिहुआनाला ३४ तास ४५ मिनिटांत पोचले. आधीचा विक्रम मोटारसायकलचा होता, तो सुमारे पाच तासांनी मोडला. त्याच वर्षी मेक्सिकन १००० ही पहिली मोठी शर्यतही मँक्सनेच मारली.

मग व्हायचं ते झालं. कोणीही मँक्स विकत आणायचा, तिच्यावरच साचा घ्यायचा आणि स्वतःच्या नावाने बॉड्या काढायचा. मेयर्स कोर्टात गेला, तिथे त्याचं पेटंटच रद्द झालं. त्याच्या स्वतःच्या पाच हजारांच्या वर थोड्या मँक्स निघाल्या, नकला त्याच्या कितीतरी पट. १९७१ मध्ये कंपनी बंद. आमच्या धंद्यात आजही हेच चालतं. होडी पाण्यात उतरली की पुढच्या हंगामात तिचा साचा दुसऱ्या बंदरात दिसतो.

जीपकडे फायबर परत आलं ते गंजामुळे. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने सीजे-५, सीजे-७ या तिथल्या जीपांच्या टबचा (बॉडीच्या उघड्या खोक्याचा) तळ, चाकामागचा पत्रा आणि बॉडी माउंटच्या, म्हणजे बॉडी चासीला बोल्टने बसते त्या, जागा खाऊन टाकल्या. तेव्हा छोट्या कारखान्यांनी पूर्ण टब, फेंडर, बोनेट फायबरमध्ये विकायला सुरुवात केली. आणि 'फायबर म्हणजे नकली' म्हणणाऱ्यांसाठी: टोयोटाच्या एफजे४० या जीपसारख्या गाडीच्या हार्डटॉपचं (कापडाऐवजी टणक टपाचं) छप्पर कंपनीतूनच फायबरचं यायचं. १९६९ च्या शेवरले ब्लेझरचा काढता येणारा टॉपही फायबरचाच. त्यांना कोणी नकली म्हणत नाही.

आपल्याकडे विलीस जीप मुंबईत जुळायला लागली १९४० च्या दशकाच्या अखेरीस. नंतर हाय बोनेट सीजे-३बी महिंद्राने दशकानुदशकं काढली. पण इथे फायबरचा पूर्ण टब फारसा रुजला नाही, हार्डटॉपवरच गाडी थांबली. माझ्या मते कारण साधं आहे. आपल्याकडे पत्रा ठोकणाऱ्या हाताची मजुरी स्वस्त. हरयाणातल्या डबवालीत जीपची नवी बॉडी पत्र्यातच ठोकून मिळते. फिलिपिन्समध्येही तेच, तिथली एमडी हुआन ही कंपनी विलीसच्या पत्र्याच्या बॉड्या बनवून जगभर पाठवते. कोरड्या हवेत पत्रा ठीक आहे. कोकणात नाही.

माझ्या मामाची हाय बोनेट होती, मासळीच्या धंद्यातली. बंदरावरून बर्फातल्या पेट्या भरून निघायची, पेटीतलं खारं पाणी वाटभर टबमध्ये गळायचं. ड्रायव्हरच्या पायाखाली रस्ता दिसायला लागला होता. मामेभाऊ कोल्हापुरात डेंटिंग करतो, माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळे घरात त्याचा शब्द चालतो. त्याने येऊन तळ कापला, नवा पत्रा वेल्ड केला, वर टार मारलं. पुढच्या पावसाळ्यात वेल्डच्या कडेने परत भोकं. मी म्हटलं, फायबरचा टब करू. तो म्हणाला, बाबांच्या जीपला मी बादली होऊ देणार नाही. मामाने मात्र मला हो म्हटलं, कारण त्यांनी माझ्या होड्या पाण्यात बघितल्या होत्या.

आता इथे डेंटरला कळत नाही ती गोष्ट. लोखंड हे मॅटच्या, म्हणजे तुटक काचधाग्यांच्या चादरीच्या, फायबरपेक्षा पंचवीस-तीस पट ताठ. पण सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणून सव्वा मिलिमीटर पत्र्याच्या जागी फायबर तिप्पट जाड घेतलं, चारेक मिलिमीटर, की हिशोब बसतो. साडेचारशे ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर होतो, म्हणजे चार थर. तरी वजन पत्र्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त. स्वस्तातले कारागीर दोन थर मारून वर पुट्टी फासतात आणि मग 'फायबर लडबडतं' अशी बदनामी होते. मँक्सच्या बॉडीला सगळीकडे गोलाई आहे ती नुसती दिसायला नाही, गोलाईनेच ती ताठ होते. जीप पडली सपाट, तिला गोलाई देता येत नाही. मग जाडी द्या, तळात प्लायवुड गाडा, कडांना दुमड द्या.

आम्ही शेडमागे पडलेल्या एका सरळ टबवर साचा घेतला. तो दोन भागांत, कारण दुमडलेल्या कडांमुळे अखंड साचा सुटत नाही. आतून जेलकोट (रेझिनचा गुळगुळीत बाहेरचा थर), मग मॅट, तळाला वोव्हन रोव्हिंग, म्हणजे काचधाग्यांचं विणलेलं जाड कापड. जिथे जिथे बॉडीचा बोल्ट येतो तिथे थरांच्या मध्ये लोखंडी प्लेट गाडली. चासी आणि बॉडीच्या मध्ये रबर, वरून मोठे वॉशर, आणि बोल्ट बेताने आवळलेले. चासी पिळवटते, तिला खाली पिळवटू द्यायचं. हे काम पावसाळ्यात करू नका. मॅटने दमट हवा धरली की थर नीट पकडत नाहीत.

टब बसला, मामा खूश. गणपतीला मामेभाऊ आला, एक चक्कर मारली, म्हणाला बॉडी सैल आहे. रबरं काढली आणि लांब पान्याने सगळे बोल्ट करकचून आवळले, पत्र्याला आवळतात तसे. शिमग्यापर्यंत प्रत्येक बोल्टभोवती जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात तो हे सांगतो, 'ह्याचं प्लॅस्टिक तडकलं'. रबरं कोणी काढली ते मात्र सांगत नाही! मी चिरा घासून भरल्या, रबरं परत घातली, त्यानंतर तिथे एकही चीर गेली नाही. तळ तर अजून सुका आहे. त्याच्या वेल्डिंगबद्दल असं म्हणता येईल का, हे त्यालाच विचारा.

दुसरी तक्रार विजेची. तालुक्याच्या एका गॅरेजने वायरिंग बदलताना माझ्या अर्थिंगच्या वायरी 'जास्तीच्या' समजून काढून टाकल्या. डिझेलचा काटा पडला, मागचे दिवे गेले. ते बिचारे टाकीतला फ्लोट (डिझेलची पातळी दाखवणारा तरंगता) बदलत बसले. पत्र्याची बॉडी स्वतःच अर्थ असते, फायबरमधून करंट जात नाही. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि सीटखालच्या टाकीला चासीपर्यंत वेगळी वायर लागतेच. मामेभाऊ हेही फायबरच्या खात्यावर मांडतो.

तुम्ही किमतीचं विचारलं होतं. रोज वापरायची, समुद्राकाठची गाडी असेल तर गिऱ्हाईक तळ बघतं, आणि सुका तळ विकला जातो. युद्धातली विलीस किंवा फोर्डची लो बोनेट असेल तर मात्र फायबरला हात लावू नका. तिचा मूळ पत्रा कुजका असला तरी जपा, संग्राहक त्याचेच पैसे देतात. आकडा मी सांगणार नाही, जीपगणिक बदलतो.

आणि हो, आरटीओ. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं सांगितलंय. तसाच्या तसा टब बदलणं आणि लांबी-रुंदी, आसनं, रूप बदलणं यात फरक आहे असं मला वाटतं, पण तुमच्या आरटीओत आधी विचारा आणि विमावाल्यांना लेखी कळवा. रोल बार (गाडी उलटली तर माणसं वाचवणारी लोखंडी कमान) लावणार असाल तर तो चासीला बांधा. नुसता फायबरच्या तळाला बांधलेला रोल बार गाडी उलटली की तळासकट उपटून येतो. पॉलिएस्टर पेटतंही, तेव्हा पेट्रोल जीप असेल तर टाकीच्या नळीचे क्लॅम्प नवे घ्या आणि अग्निशामक सीटजवळ, हाताला येईल असा ठेवा.