इकडे यायचं म्हणतोस, तर गानेलिनचं पूर्ण ऐक

मावशी म्हणून विचारलंस, तर मावशीसारखंच सांगते. तुझं म्हणणं असं, की व्याचेस्लाव गानेलिन चाळिशी उलटल्यावर सोव्हिएत युनियन सोडून इस्राएलला आला, तरी त्याचा जॅझ पियानो थांबला नाही. मग लग्नाच्या हॉलात आणि हॉटेलांत कीबोर्ड वाजवणाऱ्या तुला ठाण्याहून बायको-पोरीला घेऊन यायला काय हरकत आहे? उल्पान, म्हणजे नव्यानं आलेल्यांचा हिब्रूचा वर्ग, किती महिने, मदत किती, हे ज्यू एजन्सीच्या कागदांत आहे, ते वाच. गानेलिनचं मात्र तू अर्धंच वाचलंयस.

जन्म त्याचा १९४४ चा, मॉस्कोजवळचा, पण वाढला लिथुआनियात, विल्नियसला. पोट भरलं नाटक-सिनेमाच्या संगीतावर. तिथल्या रशियन नाट्यगृहाचा तो संगीत दिग्दर्शक होता. जीव मात्र त्रिकुटात. ड्रमवर व्लादिमिर तारासोव, सॅक्सोफोनवर व्लादिमिर चेकासिन, १९७१ पासून तिघं एकत्र. बासवाला नाहीच! गानेलिन एक हात पियानोवर ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं बासेट नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवून बासची जागा भरायचा. १९७९ साली पूर्व बर्लिनला वाजवलेली त्यांची मैफल लंडनच्या लिओ रेकॉर्ड्सनं काढली, तर वेष्टनावर छापावं लागलं की या फितींच्या प्रकाशनाला वादक जबाबदार नाहीत. सरकार विचारेल ना!

१९८७ ला तो इथे आला. विक्तर फोनारेव आणि मिका मार्कोविच यांना घेऊन नवं त्रिकूट उभं केलं, रेकॉर्ड काढली, शिकवलं. म्हणजे पियानो थांबला नाही हे तुझं खरंच आहे. पण तारासोव विल्नियसलाच राहिला, आणि जुने तिघे पुन्हा एकत्र वाजवायला बसले ते २००२ मध्ये, फ्रँकफर्टच्या पुस्तक जत्रेत. मध्ये पंधरा वर्षं गेली.

जॅझमधलं मला फारसं कळत नाही, साथीतलं कळतं. भायखळ्याला आमचं बेने इस्राएली, म्हणजे आपल्या मराठी ज्यू बायकांचं कीर्तन मंडळ होतं, मी पेटीवर. योसेफला भाऊ विहिरीत टाकतात तिथे कीर्तन करणाऱ्या बाई श्वासाला थांबायच्या, आणि तेवढ्यात मी दोन सूर भरायचे. कधी ठरवावं लागलं नाही. इथे आल्यावर एक दिमोनाला गेली, एक अश्दोदला, बाई मुंबईतच राहिल्या. मी बीरशेबाला मलिद्याच्या, म्हणजे आपल्या नवस-प्रार्थनेच्या विधीच्या वेळी पेटी वाजवते अजून. लोक कौतुक करतात, ताटातले पोहे-खोबरं खातात, घरी जातात. थांबून जागा देणारं कुणी नाही. तुझ्या प्रश्नानं हे सगळं वर आलं, नाहीतर मी कुणाला बोलले नव्हते.

तू लिहिलंयस की ड्रमवाला मित्र शाळेपासून तुझ्याबरोबर आहे. तो काही आपल्यातला, ज्यू नाही. ज्यूंना इथे येऊन राहू देणारा परतीचा कायदा तुला आणेल, त्याला नाही. याचा विचार केलास का?

आणि इथे वाजवणाऱ्यांचा तोटा आहे असं समजू नकोस. आम्ही १९९० ला आलो तेव्हा रशियनांची विमानांवर विमानं उतरत होती. तेव्हाचा विनोद असा, की उतरणाऱ्याच्या हातात व्हायोलिनची पेटी नसेल तर तो पियानो वाजवणारा समजावा. आमच्या इमारतीतला एक चेलोवाला सुपरमार्केटात खोकी रचायचा. त्याच्याकडे शिकायला मुलं होती, पैसे देणारे पालक नव्हते.

एकटेपणाचं विचारलंस. होतो, सुटतो. पुढे.

कागद. आजी-आजोबांच्या कतुबाची, म्हणजे ज्यू लग्नाच्या करारपत्राची, मूळ प्रत शोधून ठेव. प्रत्येक दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एक आहे का, बघ. आमच्या सासऱ्यांचं नाव पासपोर्टवर एक आणि सिनेगॉगच्या वहीत दुसरं, त्यापायी इथल्या कचेरीत खिडकीवरच्या माणसानं महिनोन्‌महिने फिरवलं. वर "तुम्ही भारतातले ज्यू म्हणजे नक्की कसे?" हे विचारायचं. अरे, १९६४ सालीच हा प्रश्न इथल्या संसदेत निकालात निघाला होता. त्यासाठी आपल्या माणसांनी धरणं धरली होती.

मुलीच्या पियानोच्या परीक्षांची काळजी सोड, गणिताची कर. इथे बगरूतला, म्हणजे शाळा संपतानाच्या परीक्षेला, गणित तीन, चार किंवा पाच युनिटांचं असतं, तीन सगळ्यांत सोपं. माझ्या मुलाला दहावीत तीनवर बसवलं. समुपदेशक बाई गोड हसून म्हणाल्या, तुमची मुलं हातानं काम फार छान करतात. तीन युनिटांवर इंजिनिअरिंगला दारात कोण उभं करतंय? त्यानं सैन्यातून सुटल्यावर खाजगी शिकवणी लावून पुन्हा परीक्षा दिली, तेव्हा प्रवेश मिळाला. त्याला आता त्याचं काही वाटत नाही. माझ्या मात्र त्या बाई आठवल्या की अजून डोक्यात तिडीक जाते.

तेव्हा पोरीची पुस्तकं हिब्रूत यायच्या आधी गणित पक्कं करून आण. शाळेच्या पहिल्या बैठकीला नवऱ्याबायकोनं दोघांनी जा, आणि युनिटांचं लेखी मागा. हिब्रू येत नसली तर मला सांग, बीरशेबाहून बस आहे, मी येईन.