अँबॅसेडरचे मागचे पाटे पहिल्यांदा उतरवताना

भावा, घाबरू नको, हे काम घरच्या अंगणात होतं. पाटे (गाडीचं वजन तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), बुश (पाट्यांच्या टोकांतली रबरं), शॅकल (पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणारी हलती कडी), यू-बोल्ट (पाटे अॅक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) आणि शॉकअप (हादरे जिरवणारे दांडे), बाकी तिथे फारसं काही नाहीच. खरा वैरी गंज. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे नट सरळ सुटतील ही आशा सोड, तारेच्या ब्रशने आटे घासून आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मार नि सकाळी परत मार.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, गाडी मागून उचलली की तो बिनकामाचा. पुढच्या चाकांना चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) तुकडे अडव. पण चिरा गाडीखाली टेकू म्हणून नको, वजनाने फुटतो! तिथे स्टँडच लाव, मातीत रुतू नये म्हणून खाली जाड फळी.
- एका वेळी एकच बाजू खोल, म्हणजे अॅक्सल (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) जागचा हलत नाही. त्याला खालून जॅक दे, ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नको.
- यू-बोल्ट नवेच घाल.

आणि नवे लोक हमखास चुकतात ते इथे: गाडी हवेत असतानाच बुशचे बोल्ट फुल टाइट करतात. मग गाडी खाली आली की रबर पिळलेलंच राहतं नि थोड्याच दिवसांत फाटतं. आधी हातानेच बसव, चाकं जमिनीवर टेकव, मागून दोनचारदा दाबून हलव आणि मगच पाना ओढ.

पाट्यांचा सेंटर बोल्ट (सगळ्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणारा) तूर्तास खोलूच नको, ताण सुटून पट्ट्या उसळतात. ते नंतर बघू.