फियाटचे पिस्टन विकाच, पण बांगड्या आधी सोडवा

कोल्हापूरच्या एका 43 वर्षांच्या वाचकांनी 2021 मध्ये जुनी प्रीमिअर पद्मिनी (म्हणजेच फियाट) पुन्हा उभी करण्यासाठी अडीच लाखांचे इंजिनाचे सुटे भाग जमवले. पत्रा सडल्याने गाडी भंगारात गेली. पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि कार्ब्युरेटर मात्र मूळ खोक्यांत पडून आहेत. एक व्यापारी सगळ्या मालाचे 1 लाख 40 हजार देतो आहे. आताच विकावे, की पाच वर्षांनी दुप्पट भाव येईल, असे ते विचारतात. पत्राच्या अखेरीस, जाता जाता, दोन ओळी आहेत: त्या खरेदीसाठी पत्नीच्या बांगड्यांवर 12 टक्क्यांनी काढलेले 3 लाखांचे सोनेतारण कर्ज दरवर्षी केवळ व्याज भरून पुढे ढकलले जाते, आणि बँकेतील अधिकाऱ्याच्या आग्रहावरून घेतलेल्या ‘दामदुप्पट’ विमा पॉलिसीचा 1 लाखाचा पाचवा हप्ता डिसेंबरात भरायचा आहे.

भाग विकावेत. वस्तू दुर्मीळ आहे म्हणून तिला गिऱ्हाईक असतेच असे नाही. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाच्या भागांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, आणि 2003 साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. उरले ते हौशी लोक, आणि त्यांतही ज्याच्या इंजिनाचे बोअरिंग (सिलिंडर आतून कोरून रुंद करणे) आपल्या पिस्टनच्या मापाचे होऊ शकते, तोच कामाचा. शिवाय 1 लाख 40 हजारांवर 12 टक्क्यांनी वर्षाला 17 हजार व्याज जाते. पाच वर्षांनी सव्वादोन लाख मिळाले, तरी आपण आज आहात तेथेच असाल. पिस्टनच्या माथ्यावर कोरलेले माप स्पष्ट दिसेल असे छायाचित्र काढून दोन-तीन हौशी मालकांना जरूर दाखवावे, मात्र त्यासाठी महिन्याहून अधिक थांबू नये.

आता न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. दहा वर्षे 1 लाख भरून विसाव्या वर्षाअखेर 20 लाख मिळणार, यालाच आपल्याला ‘दामदुप्पट’ म्हणून विकण्यात आले. प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षे अडकतो, म्हणजे परतावा जेमतेम साडेचार टक्के. एका हाताने 12 टक्के देऊन दुसऱ्या हाताने साडेचार टक्के घ्यायचे, आणि त्याला बचत म्हणायचे, हा व्यवहार चार वर्षे चालला आहे. नुसते व्याजच दीड लाखाच्या घरात गेले. बरे, विमा म्हणावा तर संरक्षण अवघे 10 लाखांचे, आणि घरात शिकणारी मुलगी आहे.

तरीही रागाच्या भरात पॉलिसी मोडू नये. आपण पॉलिसी घेतलीत त्या काळातील अशा पॉलिसींत चार हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या निम्मे, म्हणजे 2 लाख, हातात पडतात. तीच पॉलिसी ‘पेड-अप’ केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून चालू ठेवली, तर दहापैकी चार हप्ते भरल्याच्या हिशेबाने 16 वर्षांनी 8 लाखांच्या आसपास मिळतात. दोनाचे आठ 16 वर्षांत, म्हणजे सुमारे 9 टक्के, तेही निश्चित. ते सोडण्यासारखे नाही. उलट उरलेले 6 हप्ते भरून वाढीव 12 लाख मिळवायचे, तर त्या नव्या पैशावर सव्वापाच टक्क्यांच्या वर काही सुटत नाही. पेड-अपचा नेमका आकडा मात्र विमा कंपनीकडून लेखी घ्यावा. अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर आपण एकदा विसंबून पाहिलेच आहे.

भागांचे पैसे आले की ते थेट सोनेतारण कर्जात भरावेत. 1 लाख 60 हजार उरतील. वाचलेला हप्ता, त्यातून 1 कोटीच्या मुदत विम्याचे (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा टर्म इन्शुरन्स) साधारण 25-30 हजार वजा करून, आणि आज व्याजापोटी जाणारे 36 हजार मिळून दोन वर्षांच्या आत बांगड्या घरी येतात. फक्त क्रम चुकवू नये: मुदत विम्याचा अर्ज आजच करावा, त्यात रक्तदाब, साखर काहीही न लपवता लिहावे, आणि तो विमा चालू झाल्याचे कागद हातात पडल्यानंतरच डिसेंबरचा हप्ता थांबवावा.