डोळे भरून येतात, तरी हे काम कर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वॉर्डातून बाहेर पडलं की डोळे भरून येतात, मग अशा माणसाने कुष्ठरोगाच्या कामात पडावं का, असं तू विचारतोस. पडावं. पण त्याआधी सिस्टर रूथ फाऊ समजून घे.

जन्म १९२९चा, जर्मनीतल्या लाइपझिगचा. महायुद्धात बाँबहल्ल्यात घर गेलं. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या कॅथलिक संघात दाखल झाल्या. १९६०मध्ये भारताकडे निघाल्या होत्या. व्हिसा अडला म्हणून कराचीत थांबल्या. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत त्यांच्याच वयाचा एक तरुण घाणीतून हातापायांवर रांगत दवाखान्यात आला. आपण असंच रांगायचं असतं, हे त्याने मान्य करून टाकलं होतं. सिस्टरांना हलवलं ते याने. त्या तिथेच राहिल्या.

तुझ्यासाठी मोलाचं आहे ते यानंतरचं. १९६१मध्ये त्या वेल्लोरला आल्या आणि कुष्ठरोगाचे उपचार रीतसर शिकून परत गेल्या. कळवळा होताच; तेवढ्यावर रुग्णाला हात लावायचा नाही, एवढी शिस्तही होती.

या रोगात नसा बधिर होतात. चट्टा दुखत नाही, भाजलं तरी कळत नाही, म्हणून रुग्ण आपण होऊन येत नाही; आणि बोभाटा होईल या भीतीने घरचे त्याला लपवतात. सिस्टरांना अशी माणसं गुहांत, गुरांच्या गोठ्यांत सापडली. त्यामुळे डोंगराळ भागात, बलुचिस्तानात त्या स्वतः जात राहिल्या, कर्मचारी तयार करत राहिल्या. देशभर दीडशेवर केंद्रं उभी राहिली. सहकारी आणि रुग्ण बहुतांशी मुसलमान; सिस्टरांच्या श्रद्धेला त्याची कधी अडचण झाली नाही. १९७९मध्ये सरकारने त्यांना कुष्ठरोगविषयक सल्लागार नेमलं आणि १९९६मध्ये पाकिस्तानात हा रोग नियंत्रणात आल्याचं जाहीर झालं. २०१७मध्ये त्या गेल्या तेव्हा शासकीय इतमामात निरोप दिला गेला. मला मात्र त्या सन्मानापेक्षा गोठ्यापर्यंतची पायपीट मोठी वाटते.

तेव्हा रडू आलं तर येऊ दे, त्याची लाज धरू नकोस. फक्त त्याच दिवशी त्या रुग्णासाठी एक ठोस काम कर. तळपायाची संवेदना तपास, जखम असेल तर योग्य पादत्राण मिळवून दे, घरातल्या बाकीच्यांची तपासणी ठरव. आजचा बहुविध औषधोपचार रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने ते वर्षभराचा असतो. चट्टा फिका पडला की लोक गोळ्या सोडतात. रुजू झालास की पहिल्या आठवड्यात अशा, मध्येच थांबलेल्या रुग्णांची यादी काढ आणि सर्वांत लांबच्या गावापासून सुरुवात कर. कोण भेटलं, कोणी दार लावून घेतलं, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
काका