१९७१ च्या युद्धात 'विक्रांत'वरच्या लढाऊ विमानांनी नेमकं काय केलं?

पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी बुडाली हे सगळे सांगतात, पण 'विक्रांत' या आपल्या विमानवाहू नौकेवरच्या विमानांचं काय, असं तुम्ही विचारलंय. रास्त प्रश्न आहे.

ही विमानं सी हॉक. चालवणारी स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, नौदलाची ३०० क्रमांकाची, 'व्हाइट टायगर्स'. ७ जुलै १९६० ला ब्रिटनमधल्या ब्रॉडी तळावर ती उभी राहिली. ब्रिटिश नौदल त्याच सुमाराला सी हॉक आघाडीवरून काढत होतं, म्हणजे १९७१ पर्यंत विमान चांगलंच जुनाट झालेलं.

त्यात विक्रांतच्या, नौका चालवणारी वाफ तयार करणाऱ्या बॉयलरला तडा गेलेला. चारपैकी एक बॉयलर बंद ठेवावा लागला. आता यात मेख अशी, की विमानाला डेकवरून भिरकावणारा कॅटपल्टही वाफेवरच चालतो. शिवाय नौका वाऱ्याच्या तोंडाला जोरात हाकली तरच उडताना पंखांना पुरेसा वारा मिळतो. वारा पडलेला असला आणि नौका संथ असली, की विमानात इंधन आणि बॉम्ब किती भरायचे याचा हिशेब कोलमडतो. १९६५ च्या युद्धात विक्रांत मुंबईत गोदीतच अडकली होती. या वेळी मात्र नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी ती लंगडी नौका पूर्वेला, बंगालच्या उपसागरात धाडलीच.

४ डिसेंबरला सकाळी अकराच्या सुमारास आठ सी हॉक उडाली आणि पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या विमानतळावर तुटून पडली. त्याच दिवशी चितगाव. पुढे खुलना, मोंगला. धावपट्ट्या, इंधनाच्या टाक्या, गनबोटी, बंदरातली जहाजं अशी लक्ष्यं.

हवेतली झुंज मात्र झाली नाही, उगाच रंगवून सांगण्यात अर्थ नाही. पाकिस्तानची सेबर विमानं ढाक्यात होती आणि ती हवाई दलाने काही दिवसांतच जमिनीला खिळवली. व्हाइट टायगर्सच्या वाट्याला आला तो विमानविरोधी तोफांचा मारा. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्या विमानालाही गोळ्या लागल्या, तरी त्यांनी ते डेकवर उतरवलं. त्यांना महावीर चक्र मिळालं. पूर्वेत एकही सी हॉक गमावलं नाही. पाक सैन्याला समुद्रावाटे निसटायला बंदरं उरली नाहीत, ही माझ्या मते खरी कमाई.

पुढे १९८३ च्या डिसेंबरात गोव्यातल्या दाबोळी तळावर स्क्वाड्रनची नवी सी हॅरियर विमानं आली, आता हीच स्क्वाड्रन मिग-२९के चालवते. गोव्यात गेलात तर बोगमाळोच्या नौदल संग्रहालयातलं सी हॉक मागून बघा: धूर सोडणारं तोंड शेपटीत नाही, दोन्ही पंखांच्या मुळाशी एकेक आहे.