सरकार लहान करणार म्हणतात, तर त्यांना विचारायचं काय?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मूळचे नाशिकचे, आता बरीच वर्षं अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात नाशुआला राहतोय. सिटिझनशिप मिळाली, आता येत्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देणार. आमच्या भागातले राज्याच्या प्रतिनिधीगृहातले एक सदस्य परत उभे आहेत, वयस्कर गृहस्थ, स्वतः दारोदार फिरून पत्रकं देतात. पत्रकावर घरचा फोन नंबर आणि दोनच आश्वासनं, सरकार लहान करणार आणि तुमची कामं करणार. मला हे दोन्ही एकत्र कसं बसतं तेच कळत नाहीये. आपल्याकडे आमदार म्हणजे निधी आणणारा, रस्ता करून देणारा. सरकारच कमी केलं तर हे कामं कुठून करणार? आणि परत दारात आले तर विचारू काय? – एक वाचक, नाशुआ

उत्तर: तुम्ही आपल्याकडचा आमदार डोळ्यासमोर ठेवून बघताय म्हणून हे बसत नाहीये, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, कारण पद एकच वाटलं तरी काम फार वेगळं आहे. न्यू हॅम्पशायरची लोकसंख्या साधारण १४ लाख आणि प्रतिनिधीगृहात सदस्य ४००. म्हणजे एका सदस्यामागे जेमतेम साडेतीन हजार माणसं, आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सव्वाअकरा कोटी लोक आणि आमदार २८८, एकेकाच्या वाट्याला जवळपास चार लाख. तुमच्या त्या गृहस्थांना पगार वर्षाला १०० डॉलर, हो, शंभरच, १८८९ पासून तेवढाच, राज्यघटनेतच लिहून ठेवलाय. वर येण्याजाण्याचा गाडीखर्च मिळतो. पीए नाही, ऑफिस नाही, वाटायला निधी नाही. म्हणून पत्रकावर घरचा नंबर आहे, दुसरा द्यायला त्यांच्याकडे नंबरच नाही.

तर ते कामं करतात ती दोन प्रकारे. कुणाचं लायसन्स अडकलं, कुणाचा बेकारभत्ता थांबला की त्या खात्यात स्वतः फोन करायचा आणि फाइल कुठे आहे ते विचारायचं, बस. साडेतीन हजार लोकांसाठी हे एका माणसाला खरंच जमतं, हे मला त्या व्यवस्थेतलं फार मोलाचं वाटतं. आणि दुसरं म्हणजे विधेयक. तिथे कुठल्याही सदस्याने मांडलेल्या प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते आणि ते सभागृहापुढे मताला येतंच, समितीत कायमचं कुजवून ठेवता येत नाही. सुनावणीला तुम्ही राज्याची राजधानी कॉंकर्डला जाऊन दोन मिनिटं बोलू शकता, नाही जमलं तर ऑनलाइन बाजूने की विरोधात ते नोंदवू शकता. हे नक्की करून बघा, मत देण्याच्या आधीच करा.

पण याची दुसरी बाजू पण सांगायला हवी. शंभर डॉलरवर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी राजधानीत जाऊन बसणं कुणाला परवडतं? रिटायर झालेल्याला, नाहीतर स्वतःचा धंदा असलेल्याला. लहान पोरं असलेली, शिफ्टची नोकरी करणारी बाई तिथे फार दिसणार नाही. स्वस्त सरकार म्हणतात त्याची किंमत अशी कुणीतरी भरत असतंच.

आता सरकार लहान करण्याचं. या दोन शब्दांखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी मोडतात आणि उमेदवार त्या सगळ्या एकत्र करून सांगतात, तिथेच आपण सावध व्हायचं. एक उदाहरण मला मनापासून पटतं. तिथे आफ्रिकन पद्धतीच्या बारीक वेण्या घालून पोट भरणाऱ्या बायकांना पूर्वी ब्युटिशियनचं पूर्ण लायसन्स लागायचं, म्हणजे १,५०० तासांचं ट्रेनिंग, त्याची फी, आणि त्यात कटिंग, केमिकल, कलर असं सगळं, जे त्यांना कधी करायचंच नव्हतं. ज्या हाताला लहानपणापासून वेणी येते त्याला हे कशाला? २०१७ मध्ये ती अट काढून टाकली. कुणाचं नुकसान झालं नाही आणि एका बाईला उद्यापासून काम सुरू करता आलं. याला मी सरकार लहान करणं पण म्हणेन आणि लोकांची कामं करणं पण म्हणेन, तुमच्या पत्रकावरच्या दोन्ही ओळी इथे एकत्र बसतात.

टॅक्सचं तसं नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये सर्वसाधारण विक्रीकर नाही, पगारावर राज्याचा आयकर नाही, व्याज आणि डिव्हिडंडवर होता तो पण २०२५ पासून गेला. ऐकायला छान वाटतं, पण शाळा तर चालवाव्या लागतातच, मग तो भार मुख्यतः घरपट्टीवर येतो आणि तुम्ही घर घेतलं असेल तर ते बिल तुम्हाला माहीतच असेल. ज्या गावात महागडी घरं आणि मोठे धंदे आहेत तिथे कमी दरात भागतं, गरीब गावाला जास्त दर लावूनही पुरत नाही. क्लेअरमाँट नावाच्या गावाने हे कोर्टात नेलं, १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुरेसं शिक्षण देणं राज्याची जबाबदारी आहे, आणि तो वाद पुढेही कोर्टात जातच राहिला. म्हणजे राज्य सरकार लहान झालं म्हणजे तुमचा खर्च कमी झाला असं नाही, तो फक्त खालच्या मजल्यावर ढकललेला असू शकतो. आणि गंमत नाही, खरंच सांगते, याच राज्यात दारूची दुकानं सरकार स्वतः चालवतं, हायवेला मोठमोठी आहेत, आणि त्यातून उत्पन्न मिळतं म्हणून छोट्या सरकारवालेही ती सहसा बंद करायला निघत नाहीत.

आता क्रॉयडनची गोष्ट, ही तुम्ही जरूर लक्षात ठेवा. न्यू हॅम्पशायरमधलंच, आठशेच्या आसपास वस्तीचं गाव. तिथे दरवर्षी मार्चमध्ये गावसभा होते आणि शाळेचं बजेट हात वर करून ठरतं. मार्च २०२२ ला बर्फामुळे लोक फार आलेच नाहीत. एका निवडून आलेल्या गावकारभाऱ्याने तिथल्या तिथे ठराव मांडला की १७ लाख डॉलरचं बजेट ८ लाखांवर आणा, आणि २० विरुद्ध १४ मतांनी तो पास झाला. गावात फक्त लहान मुलांची छोटी शाळा, मोठी मुलं शेजारच्या गावांत जातात आणि त्यांची फी गाव भरतं. ठराव झाल्यावर आईबापांना कळलं की वरचे हजारो डॉलर आता आपल्या खिशातून जाणार. मग लोक घरोघर फिरले, कारण निर्णय फिरवायला गावातले निम्म्याहून जास्त मतदार हजर राहणं कायद्याने गरजेचं होतं, आणि मे महिन्यात विशेष सभा झाली तेव्हा निकाल लागला ३७७ विरुद्ध २. काटकसरीला माझा विरोध नाही, पण ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार ते हजर नसताना कापलेलं बजेट ही काटकसर नव्हे.

म्हणून ते परत दारात आले की विचारा, नेमका कुठला नियम, कुठलं खातं, कुठली रक्कम कमी करणार? ते काम आज कोण करतंय आणि उद्या कोण करेल? आमच्या घरपट्टीवर काय फरक पडेल? आणि मागच्या दोन वर्षांत कशावर कसं मत दिलं, कारण नाव पुकारून झालेल्या मतदानाची नोंद सगळ्यांना बघता येते, तुम्ही आधी बघून मगच विचारलंत तर उत्तरं पण सरळ मिळतील. गृहस्थ स्वतः चालत येतात म्हणजे ऐकून घेतील असं वाटतंय.

प्रश्न: आपल्या आमदाराला असं सरकार लहान करता येतं का? की निधी आणि उद्घाटनं एवढंच? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: अधिकार आहेत, वापर कमी आहे. बजेटमधल्या मागणीवर कपात सूचना देता येते, म्हणजे या खात्याची रक्कम एवढी कमी करा असं सांगायचं. सरकारकडे बहुमत असतं त्यामुळे ती मंजूर होत नाही, पण त्या निमित्ताने खात्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, आणि एखाद्या अभ्यासू आमदाराच्या हातात ते चांगलं हत्यार आहे. मंत्र्यांची संख्या मात्र खरंच आटोक्यात आली ती २००३ च्या घटनादुरुस्तीने, विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री नकोत, म्हणजे आपल्याकडे ४३.

पण सामान्य माणसाच्या दृष्टीने मला २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांसारख्या सेवांना मुदत ठरवून दिलीय, ती चुकली तर अपील करता येतं. हे नीट चाललं तर दाखल्यासाठी आमदाराच्या ऑफिसात चिठ्ठी मागायला जायची वेळच येत नाही. तुमच्या आमदारांना विचारा की आपल्या तालुक्यात किती अर्ज मुदतीबाहेर पडून आहेत आणि त्यावर तुम्ही तहसीलदारांची बैठक कधी घेतली. आणि स्वतः अर्ज कराल तेव्हा पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, पोचेवर तारीख असली पाहिजे, अपील त्याच तारखेवर उभं राहतं.