पाठ उघडी पडलेल्या कोंबड्या: औषधाआधी पिसाचा खुंट बघा

तुमचं वर्णन वाचून लगेच लिहायला घेतलं. 12 कोंबड्या, 2 कोंबडे, चार-पाच जणींच्या पाठीवरची आणि मानेमागची पिसं गेलेली, बाकीच्या ठणठणीत. दोनदा उवांची पावडर मारूनही फरक नाही. पावडर थांबवा. न बघता सांगतोय हे खरं, पण सगळी चिन्हं कोंबडा चढल्याची आहेत.

खात्री अशी करा. रात्री कोंबडी मांडीवर घेऊन बॅटरीच्या उजेडात शेपटीच्या मुळाशी बोट फिरवा. तुटलेल्या काड्यांसारखे टोचरे खुंट लागले, तर पीस झडलेलं नाही, मोडलंय. कोंबडा चढताना चोचीने मानेमागची पिसं धरतो आणि नख्यांनी पाठीवर तोल सांभाळतो, त्यात दांडे मोडतात. उवा असतील तर गुदाजवळच्या पिसांच्या बुंध्याशी पांढरट लिखांचे गठ्ठे दिसतात. लाल गोचीड दिवसा अंगावर नसते, खुराड्याच्या फटीत बसते, तिथे बघा.

मला सगळ्यात महागात पडली ती पुढची गोष्ट. कोंबडा वेगळा केला तरी मोडलेलं पीस लगेच येत नाही! खुंट कातडीत रुतलेला असेपर्यंत त्या जागी नवं पीस फुटत नाही. ते येतं पुढच्या पीसझडीला, म्हणजे कधीकधी कित्येक महिन्यांनी. महिना झाला, पाठ तशीच, म्हणून मी एका दवाखान्यात गेलो. कोंबडी हातातही न घेता पुन्हा उवांचंच औषध लिहून मिळालं. तीनदा. औषधाचे पैसे गेलेच, शिवाय तेवढे दिवस अंडी खाता-विकता आली नाहीत. जनावर हातात न घेता औषध देणं मला आजही पटत नाही. खुंट उपटूही नका, दुखतं आणि रक्त आलं की बाकीच्या टोचून जखम मोठी करतात.

आता उपाय. 12 कोंबड्यांना एक कोंबडा पुष्कळ झाला. दोघं असले की एक चढतो, दुसरा ओढतो आणि कोंबडीच्या पाठीची चाळण होते. त्यातून सहा-सात महिन्यांचा तरणा कोंबडा फार आडदांड. कोंबड्यापुढे चटकन बसणाऱ्या दोन-चार कोंबड्या ठरलेल्या असतात, म्हणून नुकसान त्यांच्याच वाट्याला. अंडी फक्त खायला हवी असतील तर कोंबडा नसला तरी चालतो. उबवायला हवी असतील तर तो जाळीपलीकडे ठेवा आणि आठवड्यातून दोनदा, अंडी घालून झाल्यावर, दुपारनंतर तासभर सोडा. कोंबडा एकदा चढल्यानंतर आठ-दहा दिवस अंडी फळतात.

कोंबडीचे पंख उचलून कुशी जरूर बघा. कोंबड्याच्या पायामागच्या काट्याने कातडी उभी फाटलेली असते आणि वरून पिसांनी झाकलेली राहते. पावसाळ्यात तिथे माशी बसली की दोन दिवसांत अळ्या. पोव्हिडोन आयोडीनने धुऊन कोंबडी वेगळी ठेवा, कातडी फाटली असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. कोंबड्याच्या काट्याचं आणि नख्यांचं फक्त टोक कानसीने बोथट करा, आत रक्तवाहिनी असते.

पाठ झाकायला कोंबडीला घालायचं कापडी खोगीर शिवायचं असेल तर जुनी जीन्स उत्तम. मानेच्या बुंध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत मापून घ्या, पंखांसाठी दोन रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्या, खाली दोन बोटं जातील इतक्या सैल. ओल्या जखमेवर घालू नका, भिजलं की काढा, दर आठवड्याला खाली उवा बघा. विदर्भातल्या मे महिन्यात मी तरी घालणार नाही.

खाद्याचं म्हणाल तर पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच. नुसता मका-तांदूळ टाकत असाल तर पीसझडीला नवं पीस रखडतं. लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, 16-17 टक्के प्रथिनांचं असतं, त्यात मका मिसळून ते पातळ करू नका. कोकणात असाल तर थोडी सुकट द्या, पण कमी मिठाची. पाठीवर नव्या पिसांचे निळसर कोंभ फुटले की ते रक्ताने भरलेले असतात. ते उलगडेपर्यंत कोंबडा आत सोडू नका.